चारी बाजूंनी एक घर

आमच्या दुकानात कापायचं काम तिचं आणि शिवायचं माझं. लग्नानंतर वर्षभरात ही वाटणी ठरली आणि मग ती कोणी बदलली नाही. मी कात्री घेतली की माझी जीभ बाहेर येते आणि रेघ वाकडी जाते, असं तिचं म्हणणं होतं. तिला मशीनवर बसवलं की दोरा तुटायचा. तेव्हा ती उंच टेबलाशी उभी, मी मशीनशी बसलेला, आणि कापलेले तुकडे तिकडून इकडे यायचे. तुकडा हातात आला की तो कुठे जोडायचा ते मला कळायचं. तो तसाच का कापलाय, हे विचारायची कधी वेळ आली नाही.

ती गेल्यावर मी दुकान बंद ठेवलं आणि मग पुन्हा उघडलं. घरी भिंती बघत बसण्यापेक्षा ते बरं. पण नवीन कापड घेणं थांबवलं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवून देणं, एवढंच. कोणी नवीन कापड घेऊन आलं की मी सांगायचो, "सध्या कटिंग बंद आहे." जसं काही कटिंग रजेवर गेलंय आणि सोमवारी हजर होणार आहे.

दुपारी शाळा सुटली की नात यायची. ती एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, बाकी कुठे वापरात नाही. तिची आई, म्हणजे माझी सून, ऑफिसातून संध्याकाळी उशिरा सुटते आणि मुलगा नोकरीसाठी परगावी असतो, म्हणून पहिलीपासूनच भिंगरी शाळेतून सरळ दुकानात येते. आधी आजीसाठी यायची. आता माझ्यासाठी येत होती की सवयीने, ते मी विचारलं नाही. तिला दप्तर ठेवता येत नाही, ती ते फेकते. ते धाडकन टेबलाखाली पडलं की माझा दिवस सुरू व्हायचा, मग घड्याळात काही का वाजलं असेना.

एके संध्याकाळी सून तिला न्यायला आली ती दारातच उभी राहिली. ती दुकानात आत येणं टाळायची हे माझ्या लक्षात आलं होतं.

"बाबा, हिचे गणिताचे मार्क बघितलेत का?"

"चांगले आहेत का?"

"चांगले असते तर मी विचारलं असतं का? पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. वीसपैकी दहा पडले नाहीत तर क्लास लावणार. मी बोलून ठेवलंय."

"लाव की. कधी असतो?"

"रोज. चार ते सात."

मी पायडलवरचा पाय काढला. "म्हणजे शाळेतून ही परस्पर तिकडे जाणार."

"हो, मग काय करू? रविवारी येईल की दुकानात."

रविवारी दुकान बंद असतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. भिंगरीने माझ्याकडे बघितलं. मी बॉबिनमध्ये दोरा भरायला लागलो. बॉबिन आधीच भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी दप्तर पडल्या पडल्या मी म्हणालो, "काढ ते पुस्तक."

"कोणतं?"

"ज्यात तू नापास होणार आहेस ते."

तिने धडा उघडला. मी चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"भौमितिक रूपांतरण."

"म्हणजे काय?"

"तेच तर मला माहीत नाही, आजोबा. माहीत असतं तर आई क्लास का लावणार होती?"

मी सातवीपर्यंत शिकलो, आणि त्यातही गणिताच्या तासाला मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. पुस्तकात लिहिलं होतं की प्रतलातल्या आकृतीच्या प्रत्येक बिंदूला ठरावीक नियमाने दुसऱ्या बिंदूकडे नेलं म्हणजे रूपांतरण होतं. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मोठ्याने वाचून बघितलं. मोठ्याने वाचल्यावर ते जास्तच कळेनासं झालं.

"चहा पिऊ या," मी म्हणालो.

"मला चहा देत नाहीत."

"मग मी पितो. तू बघ."

चहा होईपर्यंत तिने वेगळाच उद्योग केला होता. कटिंगच्या टेबलावर हिने, म्हणजे माझ्या बायकोने, इंचाइंचाचे चौकोन आखून ठेवले होते, चौकड्यांचं कापड सरळ लागावं म्हणून. पुसट झाले की ती पुन्हा आखायची. भिंगरीने माझा निळा खडू घेऊन त्यातली एक आडवी रेघ जाड केली आणि एक उभी. जिथे त्या एकमेकींना छेदत होत्या तिथे ठिपका दिला.

"आजोबा, हा आलेख कागद आहे! एवढा मोठा! हा आरंभबिंदू, इथे शून्य. ही आडवी रेघ म्हणजे X अक्ष, ही उभी Y."

त्या टेबलावर खडूच्या रेघोट्या बघून मला वाटलं, आता कोणीतरी ओरडणार. कोणी ओरडलं नाही. मी चहा लांब ठेवला आणि जवळ गेलो.

बिंदू सांगण्याची रीत मला लगेच कळली, कारण ती मापासारखीच आहे. आधी आडवं मोजायचं, मग उभं. उजवीकडे तीन घरं आणि वर दोन घरं म्हणजे (३, २). डावीकडे गेलं की आधी वजा लावायचं. "खाली गेलं तरी वजा," भिंगरी म्हणाली. "शून्यापासून उलटं गेलं की वजा." इथपर्यंत आम्ही दोघंही हुशार होतो. मग परावर्तन आणि स्थानांतरण आलं आणि दोघांचीही गाडी अडकली. दोन्हींत आकृती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते, मग फरक काय?

त्याच आठवड्यात समोरचा सलूनवाला कापड घेऊन आला. त्याचं आणि माझं दुकान समोरासमोर, आणि त्याचं तोंड त्याच्या कात्रीपेक्षा जास्त चालतं.

"मास्तर, मुलीचं लग्न आहे. कोट शिवायचाय."

"सध्या कटिंग बंद आहे."

"कटिंग बंद म्हणजे काय रे? मी गिऱ्हाइकाला सांगतो का, सध्या डावी बाजू बंद आहे, उजवीच कापून मिळेल?"

"दुसऱ्या कोणाकडे दे."

"माझं माप तुमच्याकडे आहे. वहिनींनी कागद कापून ठेवलाय माझ्या नावाचा. दुसऱ्याकडे गेलो तर तो माझं पोट नव्याने मोजेल. मला ते नकोय."

ते खरं होतं. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या मापाचे फर्मे, म्हणजे जाड तपकिरी कागदाचे नमुने, ही कापून खिळ्याला टांगून ठेवायची. कापडावर फर्मा ठेवायचा, खडूने कडेने रेघ मारायची आणि कापायचं. दिसायला सोपं काम. मी कापड ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं ते मला सांगता येणार नाही. कदाचित भिंगरी बघत होती म्हणून.

बाहीपासून सुरुवात केली. म्हटलं, चुकली तर थोडक्यात चुकेल. कापड चौकड्यांचं होतं, म्हणून घडी न घालता एकेरीच पसरलं, नाहीतर खालच्या थरातल्या चौकड्या हलतात. फर्मा ठेवला, रेघ मारली, कापलं. जीभ बाहेर आली होती, पण रेघ सरळ गेली. मग फर्मा उचलून शेजारी ठेवला आणि दुसरी बाही कापली. दोन्ही बाह्या टेबलावर मांडल्या, भिंगरीच्या उभ्या रेघेच्या एक इकडे आणि एक तिकडे. छान दिसत होत्या. बऱ्याच दिवसांनी मला काहीतरी केल्यासारखं वाटलं.

भिंगरी पेन्सिल चावत बाह्यांकडे बघत होती.

"आजोबा."

"काय?"

"हे परावर्तन नाहीये."

"बरं."

"नाही, बघा ना. ह्या बाहीचा खोलगट भाग उजवीकडे आहे. आणि ह्या बाहीचाही उजवीकडेच आहे. तुम्ही कागद नुसता सरकवलात. उलटला नाहीत." आणि मग ती जागेवरच उडी मारून ओरडली, "हे स्थानांतरण आहे! मला कळलं! सरकवलं की स्थानांतरण, उलटलं की परावर्तन!"

तिला काय कळलं ते कळायला मला अंमळ वेळ लागला. बाहीची पुढची बाजू जास्त खोल कापतात, कारण हात पुढे येतो. डाव्या बाहीत तो खोलगटपणा एकीकडे असतो आणि उजव्या बाहीत दुसरीकडे. आणि कापडाला सुलटी बाजू असते, त्यामुळे तुकडा पालथा घालूनही भागत नाही. मी सलूनवाल्याच्या कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. एवढी वर्षं बाह्या जोडल्या, डावी-उजवी डोळे मिटून ओळखतो. पण फर्मा उलटण्याचं काम टेबलाच्या पलीकडे होत होतं, आणि पलीकडे मी कधी बघितलं नव्हतं.

मी कात्री खाली ठेवली. भिंगरी नाचत होती.

नेमका तेव्हाच सलूनवाला डोकावला. "काय साजरं करताय?"

"आजोबांनी तुमच्या कोटाचं स्थानांतरण केलंय!"

त्याने बाह्या बघितल्या. त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी सांगून टाकलं.

"दोन्ही डाव्या?" तो म्हणाला. "मग लग्नात मी उजवा हात कुठे ठेवू? खिशात? आणि लोकांशी डाव्या हाताने हात मिळवू?"

"कापड उरलंय. नवीन उजवी निघेल."

"निघेल ना? मग एवढं तोंड कशाला पाडलंस? मला वाटलं पोटाचं काहीतरी झालं." तो वळला आणि भिंगरीला म्हणाला, "चल ग माझ्या दुकानात. परावर्तन काय असतं ते दाखवतो. माझा धंदाच तो आहे."

मी दारातून बघत होतो. त्याने तिला आरशासमोर उभं केलं. "डावा डोळा मिचकाव. आता आतल्या पोरीने कोणता मिचकावला? बघ. गिऱ्हाईक आरशात बोट दाखवून सांगतं, हा कल्ला कमी करा. आता हा म्हणजे कोणता? रोज माझं डोकं फिरतं." खुर्चीवर अर्ध्या तोंडाला फेस लावलेला एक माणूस बसला होता, तोही डोळे मिचकावून बघायला लागला.

ती परत आली आणि टेबलावर मोजायला लागली. उभ्या रेघेपासून इकडे तीन घरं, तर तिकडेही तीन घरं. उंची तीच. (३, २) चं झालं (-३, २). मी फर्मा उचलला, पालथा केला आणि ठेवला. खोलगट भाग दुसरीकडे गेला. उरलेल्या कापडातून उजवी बाही निघाली. चौकड्या जुळल्या की नाही ते ती खाली वाकून, एक डोळा मिटून बघत होती. ही अशीच बघायची. मी तसं तिला सांगितलं नाही, नाहीतर तिने मुद्दाम केलं असतं आणि मग ते तसं दिसलं नसतं.

परिभ्रमण, म्हणजे आकृती एका बिंदूभोवती फिरवणं, हे आम्ही टाचणीने केलं. कॉलरचा लहान फर्मा घेतला, त्याचं एक टोक आरंभबिंदूवर टाचणीने पक्कं केलं आणि कागद फिरवला. पाव फेरा घड्याळाच्या उलट्या दिशेने. जो कोपरा (३, २) वर होता तो (-२, ३) वर गेला.

"बाईंनी नियम सांगितलाय," भिंगरी म्हणाली. "आकड्यांची जागा बदलायची आणि एकाचं चिन्ह बदलायचं. पण कोणाचं ते मी विसरते."

"टाचणीला विचार."

"परीक्षेत टाचणी कशी नेणार?"

"मग पेपरच फिरव."

ती हसली. मीही हसलो. टाचणी निघाली, कॉलर घरंगळत खाली पडली आणि ती शोधताना आम्हाला टेबलाखाली तिचा हरवलेला डबा सापडला. डब्यात काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शेवटचा भाग विवर्धन. म्हणजे आकृती तीच, पण मोठी करायची. गणितात लिहिलं होतं, 'आरंभबिंदू केंद्र मानून २ या प्रमाणात विवर्धन करा.' हे वाचून मी पुस्तक मिटलं.

"हे राहू दे. हे मला येतं."

"खरंच?"

"अग, आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं? मापाचा शर्ट मोठा करायचा म्हणजे काय करतात? इकडून एक इंच, तिकडून एक इंच, खालून एक इंच. चारी बाजूंनी वाढवायचं. आण तो त्रिकोण."

त्रिकोणाचे कोपरे होते (१, १), (३, १) आणि (१, ४). मी त्याच्या बाहेरून सगळीकडे एक घर सोडून दुसरा त्रिकोण काढला. झकास दिसत होता.

भिंगरीने डोकं वाकडं केलं. "पण प्रमाण २ आहे ना? २ कुठे आलं?"

मी बोटांवरचा खडू झटकला. "दोन म्हणजे दोन्हीकडून," मी म्हणालो.

हे माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं की मला स्वतःला पटलं. ती मान डोलावून तशी गणितं सोडवायला लागली. सगळ्या गणितांत तिने चारी बाजूंनी एक घर वाढवलं. मी प्रत्येक गणितावर निळ्या खडूने बरोबरची खूण केली.

चाचणीच्या दिवशी ती आली आणि दप्तर फेकत म्हणाली, "मस्त गेला! मी पेपर फिरवला तर बाई ओरडल्या. मी सांगितलं, मी परिभ्रमण करतेय. मग गप्प बसल्या."

दोन दिवसांनी ती आली तेव्हा तिने दप्तर टेबलाखाली नीट उभं ठेवलं. मी मशीन थांबवली.

"किती?"

"साडेआठ."

"दहाला कमी पडले का?"

"साडेआठ म्हणजे दहाला कमीच, आजोबा."

"पेपर दाखव."

"आईला दाखवल्यावर." आणि ती काज-बटणं शिवायच्या जागी जाऊन बसली. भिंगरी बसली, हे वाचताना काही वाटणार नाही, पण बघताना बरं वाटत नव्हतं.

मी तोवर कोटाचं अस्तर लावत होतो. मनात हिशोब चालला होता की उद्यापासून दुपारी काय करायचं. दुकान लवकर बंद करावं, किंवा उघडूच नये. सलूनवाल्याच्या कोटानंतर पुन्हा फक्त चेन आणि उंची. माझ्या लक्षात आलं की मी आत्ताच सगळं आवरून ठेवलंय, मनातल्या मनात शटर ओढलंय, आणि पोरगी अजून समोर बसली आहे.

सून आली ती पेपर हातात घेऊनच आत आली. दारात थांबली नाही. टेबलाच्या पलीकडे बायकोचं उंच स्टूल आहे, तिथे ती बसली. त्यावर बऱ्याच महिन्यांत कोणी बसलं नव्हतं. तिला ते आठवलं नाही की आठवूनही ती बसली, माहीत नाही.

"सरकवणं बरोबर," ती पेपरवर बोट ठेवत म्हणाली. "उलटणं बरोबर. फिरवणं बरोबर, अर्धा मार्क गेला कारण आकृतीला हिने फर्मा लिहिलंय. आणि विवर्धन सगळं चूक. सगळं! अख्खे अकरा मार्क तिथे होते. प्रत्येक आकृतीला हिने बाहेरून एक घर वाढवलंय. हे कुठून आणलंस?"

भिंगरी जमिनीकडे बघत होती. "मीच केलं."

"असं कसं सुचलं? पुस्तकात तर नाही."

"सुचलं."

"बाईंनी शिकवलं तेव्हा लक्ष कुठे होतं?"

"खिडकीत."

ती खोटं बोलत होती आणि ते नीट जमतही नव्हतं. कान लाल झाले होते. मला वाचवायला ती उद्यापासून चार ते सात क्लासला जाऊन बसायला तयार होती. मी सुई कोटात टोचून ठेवली.

"मी शिकवलं," मी म्हणालो.

"काय?"

"चारी बाजूंनी एक घर. मी शिकवलं. तिने विचारलं होतं, दोन कुठे आलं. मी म्हणालो, दोन म्हणजे दोन्हीकडून."

सुनेने माझ्याकडे बघितलं, मग पेपरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या ओठांचं काहीतरी चाललं होतं, पण तिने ते आवरलं.

"दोन्हीकडून," ती म्हणाली.

"मग चूक काय त्यात?" मला थोडा राग आला. चूक कबूल केली की माणसाला राग येतो. "मोठं करायचं म्हणजे असंच करतात. तुझं ते दुप्पट केलं तर गळाही दुप्पट होईल. माणूस जाडा झाला तरी त्याची मान दुप्पट होते का? दोन माणसांची मुंडकी जातील त्या गळ्यातून."

"बाबा, त्रिकोणाला मान नसते."

"म्हणूनच मी वाढवली नाही!"

भिंगरी फिस्सकन हसली आणि लगेच गंभीर झाली.

सुनेने इकडेतिकडे बघितलं. बाहेर अंधारून येत होतं. तिने पुढचा दिवा बंद केला आणि मोबाईलचा टॉर्च लावून टेबलाच्या कडेला ठेवला. मग कागदातून एक त्रिकोणी तुकडा कापला. "आईंची कात्री," ती एवढंच म्हणाली. तुकडा टॉर्चसमोर धरला. भिंतीवर सावली पडली.

"हा टॉर्च म्हणजे केंद्र. आता मी कागद टॉर्चच्या जवळ नेते. बघा."

सावली वाढली. चारी बाजूंनी एकेक इंच नाही वाढली. लांब कोपरा लांब पळाला, जवळचा थोडाच सरकला, आणि तरी त्रिकोण तोच राहिला.

"आरंभबिंदूपासून जो बिंदू जितका दूर, तितकाच तो आणखी दूर जातो," ती म्हणाली. "(१, १) चा (२, २). (३, १) चा (६, २). (१, ४) चा (२, ८). दोन्ही आकड्यांना दोनने गुणायचं. तुमच्या पद्धतीने उंच माणूस बुटका दिसेल."

मी शर्टाचा एक लहान फर्मा घेतला आणि टॉर्चसमोर धरला. भिंतीवर एवढा मोठा शर्ट आला की छताला लागला. गळा खरंच दोन मुंडक्यांचा होता.

"हे माप राक्षसाचं आहे," मी म्हणालो.

"पण आकार तोच आहे ना?"

"आकार तोच आहे." हे मान्य करावं लागलं.

"आजोबा, राक्षसाला कोट शिवायचा असेल तर विवर्धन," भिंगरी म्हणाली. "सलूनवाल्या काकांना शिवायचा असेल तर तुमचं."

"माझ्यासारखं माप पुस्तकात नसतंच," समोरून सलूनवाला ओरडला. तो केव्हापासून दारात येऊन भिंतीवरची सावली बघत होता, कोणास ठाऊक. "चालू द्या, चालू द्या," म्हणून तो परत गेला, पण त्याच्या दुकानातला दिवा बंद झाला आणि भिंतीवर काहीतरी हलायला लागलं. तोही टॉर्च लावून बघत असावा.

सुनेने दिवा लावला. डोळे दिपले. ती पेपरची घडी घालत होती, आणि मला माहीत होतं आता ती काय बोलणार. मीच म्हणालो, "क्लासचं बोलून ठेवलंयस ना?"

"हो."

"उद्यापासून?"

तिने घडी घातलेला पेपर टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "क्लासला पाठवून उपयोग काय, बाबा? ती तिथून नीट शिकून येईल आणि रात्री जेवताना तुम्ही तिला पुन्हा चारी बाजूंनी एक इंच वाढवून द्याल."

"मी बोलणार नाही."

"तुम्ही बोलल्याशिवाय राहणार नाही. आणि तुम्ही सांगितलं की तिला पटतं. माझं पटत नाही, बाईंचं पटत नाही, तुमचं पटतं. म्हणजे आधी तुम्हाला नीट शिकवायला पाहिजे."

"मला?"

"ऑफिसातून मी थोडी लवकर निघेन. इथेच बसू. तुम्ही दोघं या बाजूला, मी त्या बाजूला." तिने स्टुलाकडे बघितलं नाही. "बाईंनी पुढच्या शनिवारी पुन्हा चाचणी ठेवली आहे कमी मार्कवाल्यांची. तोवर बघू. तेव्हाही नाही जमलं तर मग क्लास."

"कोणाला क्लास?" भिंगरीने विचारलं.

"दोघांना."

सुनेने लगेच सुरुवात केली. तिचं सगळं असंच असतं. खडू घेतला, टेबलावर एक चौकोन काढला, कोपऱ्यांवर आकडे लिहिले आणि म्हणाली, "प्रमाण दोन. दोघांनी वेगवेगळं काढायचं. एकमेकांचं बघायचं नाही."

मी खडू घेतला. जीभ बाहेर आली, ती आत घेतली. पहिला कोपरा मोजला, दुसरा मोजला. भिंगरी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वाकून काढत होती आणि कोपराने स्वतःची आकृती झाकली जाईल अशी काळजी घेत होती, जसं काही मीच तिचं बघणार आहे. मी बघत होतोही. तिचं आधी झालं.

"झालं! आजोबांचं तपासू का?"

"तपास."

ती माझ्या बाजूला आली. पेन्सिलच्या टोकाने एकेक कोपरा मोजत गेली. तिसऱ्या कोपऱ्यावर थांबली.

"इथे चूक. तुम्ही आधीच्या कोपऱ्यापासून मोजलंत. शून्यापासून मोजायचं."

"किती मार्क कापणार?"

"आई, किती कापू?"

"कापू नकोस," सून स्टुलावरून वाकून बघत म्हणाली. "पुन्हा काढायला लाव."

मी बाहीने चौकोन पुसला आणि शून्यावर बोट ठेवलं.